व्याजाची वही

माझ्या आईला सही करता येत नव्हती. ती अंगठा उठवायची. पण व्याज मात्र तिला तोंडी काढता येई. शंभराला महिन्याला तीन रुपये, म्हणजे पाचशेला पंधरा. दोन महिने तुंबले की तीस, आणि तिसऱ्या महिन्याला त्या तिसावरही व्याज. भाकरी थापता थापता ती हा हिशेब सांगे आणि तिचा एक पैसाही चुकत नसे. मी लहान होते. मला वाटे, आपली आई किती हुशार आहे!

ती हुशार होतीच. पण पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले, की आईला कळत होते ते देण्याचे व्याज. घेण्याचे व्याज तिला जन्मात कधी पाहायला मिळाले नाही. भावाच्या दुखण्यात काढलेले पाचशे रुपये फेडताना ती म्हणायची, "मुद्दल माणसाचं असतं गं, व्याज रातीचं वाढतं. आपण निजतो, ते निजत नाही."

तिचे ते बोलणे मनात घेऊनच मी १९८६ साली लग्न होऊन अंबरनाथला आले. हे कारखान्यात हेल्पर होते. मी पुढे अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले. पगार थोडा, खाणारी तोंडे पाच. तरी मी पहिल्यापासून एक ठरवले होते, की जे व्याज रात्री निजत नाही ते एकदा तरी आपल्या बाजूने जागले पाहिजे.

सुरुवात पोस्टाच्या आवर्ती ठेवीने झाली. आमच्या चाळीत एक एजंट बाई महिन्याला यायच्या. पन्नास रुपये घेऊन पासबुकावर नोंद करून आणायच्या. पाच वर्षे, म्हणजे साठ हप्ते. १९८८ साली किसान विकास पत्र निघाले तेव्हा साडेपाच वर्षांत दामदुप्पट मिळत असे. तेव्हा मला हजार रुपये एकरकमी जमवता आले नाहीत, ही हळहळ पुढे कितीतरी दिवस राहिली. तेच पत्र एप्रिल २०२३ पासून ११५ महिन्यांत, म्हणजे नऊ वर्षे सात महिन्यांत दुप्पट होऊ लागले. काळ बदलतो तसे दरही बदलतात. म्हणून मी वही घातली.

वही साधी, दोनशे पानी. तिच्यात रकाने आखले: पैसे कुठे, किती, कधी ठेवले, दर किती, कधी मिळणार, वारस कोण. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ती उघडते. हे हसायचे. म्हणायचे, "एवढ्याशा पैशाला एवढी मोठी वही?" मी म्हणायची, "पैसा थोडा आहे म्हणूनच वही मोठी पाहिजे."

त्या वहीने मला पहिला धडा दिला तो तारखेचा. यांचा पगार दहा तारखेला होई. मी अकरा-बाराला बँकेत जाऊन दोनशे-तीनशे भरत असे. वर्षाअखेरीस व्याज पाहिले तर माझ्या हिशेबापेक्षा कमी. मी वही घेऊन खिडकीशी गेले. तिथला कारकून मुलगा भला होता. तो म्हणाला, "मावशी, दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावरच व्याज लागतं. तुम्ही अकराला भरता, म्हणजे त्या पैशाला या महिन्याचं व्याजच नाही." नुसत्या एका दिवसाने महिन्याचे व्याज जात होते! दुसऱ्या महिन्यापासून पगार झाला त्याच संध्याकाळी पैसे भरायचा नेम धरला.

बँकांमध्ये १ एप्रिल २०१० पासून ही पद्धत बदलली आणि रोजच्या शिल्लकीवर व्याज धरू लागले. पोस्टाच्या बचत खात्यात मात्र दहा तारखेचा नियम पुढेही राहिला. भविष्य निर्वाह निधीचे पी. पी. एफ. खाते असेल, तर तिथे पाच तारीख पाहायची. पाच तारखेच्या आत भरले तरच त्या महिन्याचे व्याज. पैसे तेवढेच, कष्ट तेवढेच, फक्त तारीख पाळली तर चार रुपये जास्त.

आता मी ती गोष्ट सांगते, जी सांगायला मला फार वर्षे लागली.

२००७ साल होते. वहीत साठ हजार रुपये जमले होते. ते थोरल्या मुलीच्या शिक्षणाचे होते. तिला नर्स व्हायचे होते. बारावी झाली की प्रवेश घ्यायचा आणि फी त्यातून भरायची, असे ठरलेले. माझे धाकटे दीर तेव्हा एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट होते. रोज सायकलवरून दुकाना-दुकानांत फिरून दहा-वीस रुपये गोळा करायचे. त्या संस्थेचे नाव मी इथे सांगत नाही. एक दिवस भाऊजी आले आणि म्हणाले, "वहिनी, बँक तुम्हाला नऊ टक्के देते. आमच्याकडे तेरा आहे. आणि पन्नास हजारांवर ठेवलं तर प्रेशर कुकर भेट."

भाऊजींच्या मनात काळेबेरे नव्हते. त्यांनी स्वतःचे वीस हजार तिथेच ठेवले होते. मी वहीत हिशेब केला. साठ हजारांवर चार टक्के जास्त, म्हणजे वर्षाला चोवीसशे रुपये. मुलीचा एका वर्षाचा गणवेश आणि पुस्तके निघतील. शिवाय कुकर. आमच्याकडे तोवर कुकर नव्हता. मी सही केली.

पहिल्या वर्षी व्याज आले. दुसऱ्या वर्षी, २००९ च्या पावसाळ्यात, एका सकाळी संस्थेच्या दाराला कुलूप दिसले. दारापुढे माणसे उभी होती. पोळीभाजी विकणाऱ्या बाया, रिक्षावाले, सेवानिवृत्त शिपाई. कोणी रडत होते, कोणी शिव्या देत होते. भाऊजी त्यांच्यात उभे होते, आणि लोक त्यांचीच कॉलर धरत होते, कारण दारावर पैसे घ्यायला तेच जात होते.

मुलीचा प्रवेश त्या वर्षी झाला नाही. ती काही बोलली नाही. एका औषधाच्या दुकानात कामाला लागली. दोन वर्षांनी शिष्यवृत्तीची जागा मिळाली तेव्हा ती शिकली, आणि आज ती एका रुग्णालयात परिचारिका आहे. पण ती दोन वर्षे गेली ती गेली. संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली की ती उठून बाहेर जायची. मला कळायचे. त्या घरात चार वर्षे कोणी भाऊजींचे नाव घेतले नाही.

तेव्हा मला जे माहीत नव्हते ते आता माहीत आहे. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा असतो. १ मे १९९३ पासून तो एक लाखापर्यंत होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाखांपर्यंत झाला. ही मर्यादा एका माणसाची एका बँकेतली आहे, मुद्दल आणि व्याज धरून, आणि सगळ्या शाखांचे पैसे एकत्र मोजून. सरकारी, खाजगी, छोटी आणि नागरी सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. २०२१ मध्ये कायदा बदलला, आणि बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. पोस्टातल्या पैशाला तर सरकारचीच हमी. पण पतसंस्था ही बँक नव्हे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. सगळ्याच पतसंस्था वाईट नसतात, कितीतरी चांगल्या चालतात. पण बुडाली तर मागे कोण उभा आहे, हा प्रश्न ठेवायच्या आधी विचारायचा असतो. मी चार टक्के पाहिले, कुकर पाहिला, आणि हा प्रश्न विचारला नाही.

वर्षाला चोवीसशे रुपयांच्या लोभाने साठ हजार गेले. म्हणून आता वहीत दराच्या रकान्याच्या आधी एक नवा रकाना आहे: विमा किंवा सरकारी हमी आहे की नाही. तो भरल्याशिवाय मी दर लिहीतच नाही.

यांचे वय साठ पूर्ण झाले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये हे निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून नऊ लाख ऐंशी हजार रुपये हाती आले. आमच्या दोघांच्या घराण्यात एवढे पैसे एकदम कोणी पाहिले नव्हते. बातमी कशी पसरते देव जाणे म्हणायची पद्धत आहे, पण आमच्याकडे ती शेजारणीमुळे पसरली. कोणी प्लॉट सुचवला, कोणी शेअर, कोणी तर दर महिन्याला पाच टक्के देणारा माणूस माहीत आहे म्हणाला. महिन्याला पाच, म्हणजे वर्षाला साठ! मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

मग एका रविवारी आम्ही सगळे बसलो. थोरली सासरहून आली होती. धाकटा मुलगा कुरियर कंपनीतून सुट्टी काढून होता. मी वही काढली.

धाकटा म्हणाला, "आई, बचत खात्याला एक छोटी बँक सात टक्के देते. तुझी बँक पावणेतीनही देत नाही." मी म्हटले, चल, पाहू. त्याच्या मोबाइलवर नीट वाचले तर सात टक्के एका मोठ्या रकमेच्या वरच्या भागाला होते, खालच्या पैशाला नव्हते. २०११ च्या ऑक्टोबरपासून बचत खात्याचा दर ज्या-त्या बँकेने ठरवायचा असतो, त्यामुळे असे टप्पे असतात. आमच्या बचत खात्यात सरासरी वीस हजार राहतात. २.७ टक्क्यांनी वर्षाला ५४० रुपये, पोस्टाच्या चार टक्क्यांनी ८००. फरक २६० रुपयांचा. ज्या खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते, तिथे एकदा ती कमी झाली की तेवढा दंड सहज बसतो. शिवाय कार्डाचे वार्षिक शुल्क आणि मेसेजचे पैसे. म्हणून थोड्या पैशाच्या खात्याला दर किती मिळतो यापेक्षा वर्षात कापतात किती, हे आधी पाहावे. पासबुक भरून आणा आणि कापलेल्या आकड्यांखाली लाल रेघ मारा. ज्यांची शिल्लक थोडी असते त्यांना किमान शिल्लक नसलेले साधे मूलभूत बचत खाते मागता येते. ते मागायला लाजू नये.

मग त्याने आपले क्रेडिट कार्ड काढले. त्यावर गुण मिळतात, वस्तू मिळतात, म्हणाला. मी विचारले, किती? शंभर रुपये खर्चाला एक गुण, आणि चार गुणांचा एक रुपया. म्हणजे लाख रुपये उधळावेत तेव्हा अडीचशे रुपये परत! "आणि बिल वेळेवर नाही भरलं तर?" तो गप्प झाला. थोरलीने त्याच्या बिलाचा मागचा कागद वाचला. महिन्याला साडेतीन टक्के.

मी वही मिटली. शंभराला महिन्याला साडेतीन. माझ्या आईचा सावकार तीन घ्यायचा. तो धोतर नेसून ओट्यावर बसे, हा प्लास्टिकचा होऊन खिशात बसला आहे, एवढाच फरक. कार्ड वापरू नका असे मी म्हणत नाही. पूर्ण बिल तारखेच्या आत भरणाऱ्याला ते सोयीचे आहे. पण गुणांसाठी खरेदी करणारा माणूस कुकरसाठी ठेव ठेवणाऱ्या माझ्यासारखाच.

थोरलीने मला बहात्तरचा आडाखा शिकवला. बहात्तरला दराने भागावे, तेवढ्या वर्षांत रक्कम साधारण दुप्पट होते. आठ टक्के असतील तर नऊ वर्षे. सहा असतील तर बारा. मी लगेच आईच्या सावकाराचे छत्तीस टक्के घालून पाहिले: दोन वर्षे. न फेडलेले कर्ज दोन वर्षांत दुप्पट. आई अंगठेबहाद्दर होती, पण तिला हे माहीत होते.

तिने आणखी एक फसवी चाल दाखवली. सात टक्के दराची ठेव दर तिमाहीला चक्रवाढ होत दहा वर्षांत दुप्पट होते. मग जाहिरातीत लिहितात, लाखाचे दोन लाख, म्हणजे दहा वर्षांत शंभर टक्के, म्हणजे वर्षाला दहा टक्के परतावा! पैसे तेच, दर तोच सात, नाव मात्र दहा. म्हणून खिडकीवर विचारायचे: परतावा नको, व्याजाचा दर सांगा, आणि चक्रवाढ किती महिन्यांनी ते सांगा.

आता आम्ही काय केले ते सांगते.

पहिले म्हणजे, घरदुरुस्तीसाठी माझे दागिने गहाण ठेवून ऐंशी हजार घेतले होते, महिन्याला दोन टक्क्यांनी. म्हणजे महिन्याला सोळाशे रुपये व्याज जात होते, वर्षाला १९ हजार २००. ते कर्ज आधी फेडले. धाकटा म्हणाला, "पण यात मिळालं काय?" मी म्हटले, चोवीस टक्के मिळाले. चोवीस टक्के व्याज सुरक्षितपणे देणारी बँक या देशात नाही. जे व्याज आपण देतो ते बंद करणे, ही सगळ्यात मोठी कमाई. आपल्या वस्तीत कितीतरी घरे सात टक्क्यांची ठेव जपतात आणि दुसरीकडे छत्तीस टक्क्यांचे कर्ज भरतात. घरच्या दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहत नाहीत.

दुसरे, सहा लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत यांच्या नावे ठेवले. तेव्हा दर ८.२ टक्के होता. जो दर ठेवताना असतो तोच पाच वर्षे राहतो. दर तिमाहीला १२ हजार ३०० रुपये येतात. मुदतीआधी मोडले तर कापतात, म्हणून लागणारे पैसे त्यात घातले नाहीत.

तिसरे, दोन लाखांची बँकेत मुदत ठेव केली, पण एक नाही, पन्नास हजारांच्या चार. एक वर्षाची, दोन, तीन आणि चार. अडचण आली तर एकच मोडावी लागेल, बाकीच्यांचे व्याज शाबूत राहील. दोन बँकांच्या दरात ०.३ टक्क्यांचा फरक होता. पन्नास हजारांवर वर्षाला दीडशे रुपये. दुसरी बँक रेल्वेने दोन स्टेशने लांब. जवळची घेतली. साठीच्या पुढच्यांना अर्धा टक्का जास्त मिळतो, तो मात्र मागून घेतला.

चौथे, उरलेले एक लाख बचत खात्यात, दुखण्याखुपण्याला. आणि प्रत्येक ठिकाणी वारसाचे नाव लिहिले आहे की नाही ते मी स्वतः वाचून पाहिले.

हे सगळे ठरत असताना भाऊजी दाराशी बसले होते. त्यांच्याबद्दल सांगायचे राहिलेच.

पतसंस्था बुडाल्यावर काही महिन्यांनी, २०१० च्या सुरुवातीला, ते एक दिवस आले. आत आले नाहीत. उंबऱ्यावर पाचशे रुपये ठेवले आणि म्हणाले, "वहिनी, वहीत लिहा." मी काही बोलले नाही, पण लिहिले. पुढच्या महिन्याला पुन्हा आले. ते आता एका इमारतीवर रखवालदार होते. दर महिन्याला पाचशे, कधी उशिरा, कधी दोन महिन्यांचे एकदम, पण आले. तीन-चार वर्षांनी ते घरात येऊन चहा घेऊ लागले. थोरलीच्या लग्नात त्यांनी पंक्ती वाढल्या. एकशे वीस हप्ते भरले ते २०२० च्या सुरुवातीला. त्यांचे स्वतःचे वीस हजार बुडाले ते वेगळेच. ते कोणी त्यांना दिले नाहीत.

त्या रविवारी सगळे बोलून झाल्यावर भाऊजींनी एकच विचारले, "वहिनी, बँकेतल्या पैशाला विमा आहे ना? पाच लाखांच्या आत आहे ना?" थोरली उठली, त्यांच्या हातात वही दिली आणि म्हणाली, "काका, तुम्हीच बघा." त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ बोटाने वाचली. मग मान हलवली.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. तो मी वाचलेला नाही, माझे शिक्षण तेवढे नाही. पण आपल्या घरात येणाऱ्या रुपयाचा प्रश्न तरी आपण आपल्या हाताने सोडवावा, एवढे मला कळते. भगिनींनो, एक वही घाला. आधी हमी विचारा, मग दर विचारा. आधी कर्ज फेडा, मग ठेव ठेवा. भेटवस्तू पाहून सही करू नका.

तो कुकर आजही आमच्याकडे आहे. दोनदा रबर बदलले, एकदा दांडा. आता शिट्टी झाली तरी कोणी उठून जात नाही. आणि भाऊजींच्या एकशे वीस हप्त्यांची पाने वहीत जपून ठेवली आहेत. त्या पानांवर सगळे रकाने भरलेले आहेत, तारीख, रक्कम, सही. व्याजाचा रकाना तेवढा मी कोरा ठेवला आहे. त्या पैशाचे व्याज मला काढता येते, पण काढायचे नाही.